पट्टा आलेलं गांडूळ

९ जून

किडूबाई,

आशीर्वाद आहेतच. ते दर पत्रात नव्यानं भरून पाठवले तर पाकीट जड होईल, म्हणून मागच्याच पत्रातले वापर.

पार्सल आज रवाना केलं. एप्रिलमध्ये तू आलीस, चहा निवायच्या आत मागच्या रानात शिरलीस आणि कुजक्या ओंडक्याखालून ते निळं गांडूळ तळहातावर घेऊन नाचत आलीस, तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. इतकी वर्षं मी त्या रानाच्या कडेला राहिले, काटक्या आणल्या, वाळलेला पाला आणला, पण पायाखाली कोण नांदतंय याची चौकशी काही केली नाही. शेजारधर्म म्हणून तरी करायला हवी होती.

तू दोन गोष्टी सांगितल्यास त्या मी पदराला गाठ मारून ठेवल्यात. एक, या गांडुळाचं वर्णन जगात कुणीच लिहिलेलं नाही. दुसरी, या रानाच्या टेकडीवर दगडखाण व्हायची सुनावणी चालू आहे, तिथं ‘हा जीव इथंच आहे, दुसरीकडे नाही’ असं छापील दाखवता आलं तर त्यांना ऐकून घ्यावं लागेल. मग म्हातारीनं घरात बसून काय करायचं? कुदळी घेतली आणि निघाले.

लाकडांच्या डेपोचा राखणदार सोबत आला. सोबत म्हणजे ओंडक्यावर बसून तोंड चालवायला. म्हणतो कसा, “बाई, जन्मभर माणसं ओढून बाहेर काढलीत, आता गांडुळांची पाळी वाटतं?”

म्हटलं, “माणसांपेक्षा बरी. बाहेर आल्यावर रडत नाहीत आणि त्यांचा बाप व्हरांड्यात येरझारा घालत नाही.”

“पण डोकं आधी आलं की पाय आधी, ते कळतं का तरी?”

ते मात्र मला अजून कळलेलं नाही. तू ये आणि सांग.

तू शिकवलंस तसंच सगळं केलं. पातळ स्पिरिटमध्ये सोडलं, निपचित झालं की ताटलीत सरळ केलं, मग तुझ्या त्या फॉर्मालिन औषधाच्या बाटलीत. चिठ्ठ्या पेन्सिलीनं लिहिल्यात, शाई स्पिरिटात विरघळते हे लक्षात आहे. हात लावला की ती अंगातून दुधासारखा गार थेंब सोडतात, तो पुसू नको म्हणाली होतीस, पुसला नाही. ज्या हातांनी मुलांच्या पाठीवर चापट्या मारून श्वास चालू केले, त्याच हातांनी... असो. पहिल्याच्या वेळी मी खिडकीबाहेर बघत होते, एवढंच सांगते.

तुझी मावशी


२७ जून

मावशी,

पार्सल मिळालं, एक थेंब सांडला नाही. बाटल्या तू जुन्या लंगोटात गुंडाळून पाठवल्यास हे पाहून आमच्या संग्रहालयाच्या तळघरात सगळे हसले. तू सरळ केलेली गांडुळं फूटपट्टीसारखी आहेत. माझ्या टेबलासमोर बसतो तो शंखोबा (गोगलगायी आणि शिंपल्यांचा माणूस, त्याला सगळे हेच म्हणतात) म्हणाला, “तुझ्या मावशीला नोकरीवर घ्या आणि मला घरी पाठवा.”

आता वाईट बातमी. सगळी लहान आहेत, मावशी. लांबीला भरपूर, पण वयात न आलेली. गांडुळाची जात बाहेरून ठरत नाही. कापून आत बघावं लागतं, बीजाच्या पिशव्या अंगाच्या कितव्या वळ्यात, म्हणजे कड्यात, आहेत, किती आहेत, कशा वळल्यात. लहानांत त्या नसतातच. मी काल दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली शोधत होते, जणू पाळण्यातल्या पोराच्या ओठावर मिसरूड शोधत होते.

मोठं कसं ओळखायचं? त्याला पट्टा आलेला असतो. तोंडाकडून थोडं खाली, बोटात अंगठी चढवावी तसा, सुजल्यासारखा गुळगुळीत पट्टा, उरलेल्या अंगापेक्षा वेगळ्या रंगाचा. त्या पट्ट्यातूनच ते अंड्यांचा कोष तयार करतं आणि मातीत टाकतं. पट्ट्याचं एक मिळालं तरी पुरे. दोन मिळाली, एक कापायला आणि एक जपून ठेवायला, तर मी येऊन तुझ्या पाया पडेन.

तुला वाटेल, एका गांडुळासाठी ही पोरगी किती जीव पाखडते. इतकी वर्षं या तळघरात मी दुसऱ्यांनी ओळख करून दिलेल्या जिवांच्याच चिठ्ठ्या बदलत आले. हे पहिलंच असं आहे, ज्याची जगाशी ओळख माझ्या हातून व्हायची आहे.

तुझी किडूबाई


१९ जुलै

किडूबाई,

पट्ट्याचं एकही मिळालं नाही. खूप शोधलं.

पाऊस बरा आहे. ओंडक्याखालची माती केकसारखी फुगली आहे, बोट घातलं की आत जातं. सकाळी तिथं नुसतं बसायलाही बरं वाटतं. राखणदाराचा गुडघा सुजलाय, त्याला शेक दिला. तो म्हणाला, “बाई, मला पण पट्टा आला बघा, वयात आलो.” म्हटलं, “तुला अक्कल यायची ती येईना, पट्टा कुठला येतोय.”

आता काही शंका. आमच्या धंद्यातलं कुतूहल समज. पट्टा आल्यापासून कोष टाकेपर्यंत किती दिवस जातात? एकदाच टाकतं की पुन्हा पुन्हा? एका कोषात पोरं किती? आणि कोष टाकून झाला की त्या जिवाला जरा हलकं वाटत असेल का? सहज विचारते.

आणखी एक. राखणदार म्हणतो सुनावणी संपली, खाण मंजूर झाली, डेपो उठणार. त्याच्या बातम्या म्हणजे निम्मं पाणी, पण निम्मं दूध असतंच. खरं असेल तर तसं लिही. मावशीला चक्कर येते म्हणून लपवू नकोस. गोळ्या घेते आहे. ज्या बाईनं दाराबाहेर जाऊन लोकांना नको त्या बातम्या दिल्यात तिला बातमीनं काही होत नाही.

मावशी


५ ऑगस्ट

मावशी,

राखणदाराला म्हणावं, लाकडं राख, बातम्या नको. सुनावणी पुढे ढकलली आहे. थंडी सरल्याशिवाय काही व्हायचं नाही. तू निश्चिंत राहा आणि गोळ्या वेळेवर घे.

तुझ्या शंकांना खरं उत्तर असं, की या जातीचं कुणालाच ठाऊक नाही. कोष किती दिवसांनी, किती पोरं, तेच तर पहिल्यांदा लिहायचं आहे. बाकीच्यांवरून अंदाज करायचा तर पावसाळाभर टाकत असावं. हलकं वाटतं का, हे कुठल्याही जातीचं कुणीच लिहिलेलं नाही. शंखोबाला विचारलं, तो म्हणाला, “मला आजवर हलकं वाटलेलं नाही, गांडुळाचं काय सांगू.”

घाई नाही. पण पट्ट्याचं मिळालं तर एकही दिवस ठेवू नकोस. मिळेल त्या टपालानं पाठव.

किडूबाई


२४ ऑगस्ट

किडूबाई,

थंडी सरेपर्यंत काही नाही हे वाचून छातीवरचं ओझं उतरलं. पत्र राखणदाराला मोठ्यानं वाचून दाखवलं. तो जरा ओशाळला, मग म्हणाला, “मग ते लोक झाडांना पांढरे रंग कशाला फासून गेले?” म्हटलं, “अरे, मोजायला. मोजल्याशिवाय सुनावणीत सांगणार काय?” बरोबर सांगितलं ना?

सोबत आणखी काही पाठवते. यातही पट्ट्याचं नाही, पण चांगली दांडगी आहेत, त्यातून काही निघालं तर बघ. धीर धर. प्रत्येक गोष्टीला आपली वेळ असते. कळा नीट आल्याशिवाय घाई करणारी दाई आणि हिरवं फळ तोडणारं पोर, दोघंही मार खातात. पाऊस सरू दे, सगळं आपसूक होईल बघ.

रान इतकं गोड झालंय की काय सांगू. काल ओंडका हळूच उचलला, तशी ती सगळी एकदम आक्रसली आणि मग पुन्हा सैल झाली, ओळखीचं कुणी आल्यासारखी. त्या निळ्या अंगावर तो पट्टा काय शोभून दिसतो! नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या तळपायासारखा रंग, तसाच मऊ. मी कितीतरी वेळ बघत बसले. मग ओंडका होता तसा ठेवून दिला.

चक्कर नाही. गोळ्या चालू.

मावशी


८ सप्टेंबर

मावशी,

पट्ट्याचा रंग तुला कसा ठाऊक?

मी तुला रंग सांगितलेला नाही. मला स्वतःलाच माहीत नाही. या जातीचा पट्टा जगात कुणी पाहिलेला नाही, आणि तू लिहितेस बाळाच्या तळपायासारखा.

तू का लपवलंस ते नंतर सांग. आधी ऐक. मी तुला खोटं लिहिलं. सुनावणी जूनमध्येच संपली, खाण मंजूर आहे, झाडांवरचा पांढरा रंग तोडायच्या झाडांचा आहे. या महिन्याच्या मध्यापासून तोड सुरू होणार. तुझ्या चक्करेची भीती वाटली. आणि खरंच सगळं सांगायचं तर, रान जाणारच हे कळल्यावर तू खणायला जाणार नाहीस असंही वाटलं. माझं वर्णन छापून आलं असतं तरी आता खाण थांबणार नव्हती. मला फक्त एवढंच हवं होतं की ते जाईल तेव्हा अनोळखी म्हणून जाऊ नये.

डेपोच्या फोनवर सारखी लावते आहे, कुणी उचलत नाही. हे पत्र मिळेल त्या क्षणी जा. स्पिरिट संपलं असेल तर दवाखान्यातून घे. सरळ झालं नाही, वाकडं राहिलं, तुटलं तरी चालेल. फक्त पट्टा आणि पट्ट्याच्या पुढचा भाग शाबूत हवा.

जा, मावशी.

किडूबाई


२६ सप्टेंबर

किडूबाई,

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी यंत्रं आत शिरली.

पत्र वाचलं तशीच चपला घालून निघाले. वाट राहिलेलीच नव्हती. जिथं सावलीत पाय गार व्हायचे तिथं उघडं ऊन पडलं होतं, आणि ओंडका होता त्या जागी चाकांचे दोन चर, माझी कंबर बुडेल इतके खोल. यंत्र चालवणारा पोरगेला माणूस भला होता, मला बघून यंत्र थांबवलं. “आजी, काय हरवलं?” म्हणाला. काय सांगू त्याला? म्हटलं, “गांडुळं.” तो हसला नाही. उतरला, माझ्याबरोबर चरात वाकून बघू लागला. म्हणाला, “इथली माती तर काल तिकडं दरीत लोटली.”

आता तुझा प्रश्न. का लपवलं?

जुलैच्या सुरुवातीलाच मिळाली होती पट्ट्याची. एक नाही, ओंडक्याखाली बरीच होती. स्पिरिट वाटीत ओतून ठेवलं होतं. एक हातावर घेतलं, तर तो फुगीर भाग माझ्या बोटाखाली धडधडला. तूच लिहिलं होतंस, त्यातून ते कोष टाकतं. म्हणजे भरलेलं. किडूबाई, मी उभ्या आयुष्यात किती बायकांना या हातानं सोडवलं त्याचा हिशोब नाही, आणि अडलेलीला कधी दारातून परत पाठवलं नाही. भरल्या अंगाच्या जिवाला वाटीत बुडवणं माझ्यानं झालं नाही. वाटीतलं स्पिरिट पुन्हा बाटलीत ओतलं.

मनाशी म्हटलं, आधी सुटका होऊ दे. कोष टाकू दे, पोरं मातीत जाऊ देत, पाऊस सरला की मग एक-दोन देईन तुला. थंडी सरेपर्यंत वेळ आहे असं तू लिहिलंस तेव्हा तर मला वाटलं, देवानंच मुदत वाढवून दिली. तोवर रोज जाऊन बघायचे. कोषही सापडले होते, मोहरीच्या दाण्याएवढे, लिंबाच्या आकाराचे. तुला चकित करणार होते.

तू मला जपायला खोटं बोललीस, मी त्यांना जपायला तुझ्याशी खोटं बोलले. दोघींनी मिळून चांगलं जपलं.

रागावले नाही. रागवायला अंगात काही शिल्लक लागतं.

मावशी


१४ ऑक्टोबर

मावशी,

तुझं पत्र मी तळघरात वाचलं आणि शंखोबानं मला बाहेर नेऊन पायरीवर बसवलं. मग त्यानंही ते वाचलं. काहीच विनोद केला नाही.

एक गोष्ट मी तुला जूनमध्येच सांगायला हवी होती. मला ती इतकी सवयीची, की सांगावी असं सुचलंच नाही. पट्टा म्हणजे दिवस गेलेले नसतात. गांडुळात बाई-पुरुष असं नसतं, प्रत्येक जण दोन्ही. वयात आलं की प्रत्येकाला पट्टा येतो आणि नंतर बराच काळ राहतो, कोष टाकला तरी, न टाकला तरी. तू ज्यांना सोडून दिलंस ती अडलेली नव्हती, मावशी. ती फक्त मोठी झालेली होती. हे वाचून तुला आणखी वाईट वाटेल हे माहीत आहे. पण आता यापुढे तुला अर्धवट काही सांगणार नाही, असं ठरवलंय.

लहानांवरून काही जमतं का, तेही करून पाहिलं. अंगाची मापं, रंग, वळी, दुधासारखा थेंब, सगळं लिहून नियतकालिकाकडे पाठवलं. संपादकांचं उत्तर दोन ओळींचं आलं: प्रौढ नमुना नाही, विचार करता येत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच लिहिलं असतं. हल्ली मांसाच्या तुकड्यातला डीएनए तपासून नातं सांगता येतं, पण मीच तुला त्या फॉर्मालिनमध्ये घालायला सांगितलं, आणि ते औषध नेमकं त्याचाच नाश करतं. मला शरीराची रचना हवी होती, म्हणून मी तेच सांगितलं.

यंत्रानं कडेचा एखादा भाग सोडला असेल. मोठ्या बुंध्यांच्या मुळांखाली ओल टिकते. कदाचित. तुला जायचं नसेल तर जाऊ नकोस. मी यायचं म्हणत होते, पण वरिष्ठांनी रजा नाकारली. त्या रानात आता काय आहे, असं विचारलं.

किडूबाई


६ नोव्हेंबर

किडूबाई,

मिळालं. पट्ट्याचं एक मिळालं.

घाईनं लिहिते, टपाल निघायचं आहे. रोज सकाळी जात होते. डेपो उठला, राखणदार मुलीकडे राहायला गेला, जाताना त्याची चांगली कुदळ मला देऊन गेला. म्हणाला, “बाई, आता एकटीनंच बडबडा.” तशी एकटीच बडबडत खणते. खाणवाल्यांचा मुकादम आधी हाकलायचा, आता खुर्ची देतो. त्यांनी कचेरीच्या पुढं रोपं लावलीत, त्यांच्या अलीकडे एक बुंधा राहिलाय. त्याच्या मुळाशी ओल होती, आणि त्या ओलीत हे.

रंग थोडा मातकट वाटला. उन्हानं भाजलं असेल, त्यांनी तरी किती सोसावं. पण पट्टा आहे, चांगला ठसठशीत.

या वेळी मी खिडकीबाहेर बघितलं नाही. पातळ स्पिरिटमध्ये सोडलं, बोटानं धरून राहिले, हललं तोवर धरून राहिले. मग ताटलीत सरळ केलं. तू म्हणालीस ना, ते फक्त मोठं झालेलं असतं. तेच मनात म्हणत होते.

आता तुझं काम कर. नीट कर. मिळाल्याचं कळव लगेच.

मावशी


२८ नोव्हेंबर

मावशी,

हे तिसरं पत्र आहे. आधीची दोन फाडली. त्यातल्या एकात लिहिलं होतं की काम झालं, वर्णन स्वीकारलं, गांडुळाला तुझंच नाव दिलं. फार सुरेख पत्र होतं ते. वाचून तू सगळ्या आळीला दाखवलं असतंस, आणि आयुष्यभर तुला कुणी खरं सांगायला येणार नव्हतं.

ते आपलं गांडूळ नाही.

बाटली उजेडाला धरली तेव्हाच कळलं, तरी कापलं. पिशव्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. शंखोबाला मोजायला लावल्या, त्याला त्यातलं काही कळत नसताना. हे नेहमीचं बागेतलं गांडूळ आहे. जगातल्या निम्म्या कुंड्यांत हेच असतं. आमच्या संग्रहालयाच्या दारातल्या कुंडीतसुद्धा. बहुतेक त्या कचेरीपुढच्या रोपांच्या मातीतून आलं. रान तोडलं, माती उघडी पडली, की निळ्यासारखी जुनी, नाजूक जात जाते आणि ही येते. हिला ऊन चालतं, धूळ चालते, काहीही चालतं. ही आली याचा अर्थच असा, की ती गेली.

तू आता खणू नकोस. त्या रोपांच्या जवळ तुला पट्ट्याची खूप मिळतील, सगळी हीच असतील.

तू पाठवलेली लहान निळी मी एका बरणीत ठेवली. चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहिलं: अप्रौढ, जात अनिश्चित. रान कुठलं तेही लिहिलं. मग मागच्या फळीवर ठेवायला गेले, तर तिथं असल्याच चिठ्ठ्यांच्या बरण्या भिंतीपर्यंत आहेत. काहींतलं स्पिरिट उडून गेलंय आणि तळाशी दोऱ्यासारखं काहीतरी वाळून पडलंय. या फळीशी मी किती वर्षं काम करते आहे, पण ती कसली फळी आहे हे मला काल कळलं.

तुझी तब्येत कशी आहे? दिवसभर काय करतेस? खरं लिही.

किडूबाई


१७ डिसेंबर

किडूबाई,

ती दोन पत्रं फाडलीस हे बरं केलंस. मी आळीला दाखवलं असतं हे खरं आहे. आणि एक दिवस मला शंका आली असती, कारण सुरेख पत्र लिहायची तुझी सवय नाही.

दिवसभर काय करते? सकाळी दार उघडते, धूळ आत येते, दार लावते. दुपारी सुरुंग उडतात तेव्हा फडताळातल्या कपबश्या वाजतात. पहिल्या दिवशी मी धावत जाऊन त्या धरल्या होत्या. आता वाजू देते. कुदळ शेजारणीला दिली, तिला वाफे करायचे आहेत. मुकादम भेटला तर विचारतो, “आजी, आताशा येत नाही?” म्हटलं, “माझं काम तिथलं संपलं बाबा, तुमचं चालू दे.” वाईट माणूस नाही. त्यालाही वरून कुणीतरी धाडलेलं.

तू लिहिलंस ती भरलेली नव्हती, नुसती मोठी झालेली होती. त्यावर मी बराच विचार केला. आता कळतं, मला सगळीकडे तेच दिसतं. सुतार कुठंही गेला तरी लाकूडच बघतो तसं. पण एक सांगू? तू ते आधी सांगितलं असतंस तरी मी पहिलं हातातून सोडलंच असतं असं वाटतं. दुसरं कदाचित बुडवलं असतं. ते तुला पुरलं असतं, नाही का? एकच हवं होतं.

धीर देणारं काहीतरी लिहावं म्हणून सकाळपासून कागद घेऊन बसले आहे. माझ्याजवळ नाही. खोटा धीर आता आपण दोघींनी एकमेकींना द्यायचा नाही असं ठरलंय, आणि खरा असा शिल्लक नाही.

प्रसूतिगृहात कधी कधी व्हायचं, मूल यायचं आणि थांबायचं नाही. श्वास घ्यायचं, डोळे उघडायचं, आणि नाव ठेवायच्या आत जायचं. बाहेर जाऊन सांगायचं काम माझं, ते मी करायची. पुढचं मला कधी जमलं नाही. एक बाई होती, तरुण, तुझ्या आताच्या वयाची. घरी जायला निघाली, कपड्यांची पिशवी हातात, आणि दारात थांबून मला म्हणाली, “बाई, आम्ही अजून नाव ठेवलं नव्हतं. मग मी रडू तर काय म्हणून रडू?”

मी तिला प्यायला पाणी दिलं. तिनं उभ्यानंच ते प्यायलं, पेला परत केला आणि गेली.

मावशी